मी ‘नमस्कार’ म्हणाले

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिची मी गुन्हेगार आहे तिला सांगायची वेळच आली नाही — तिला त्याच क्षणी कळलं होतं. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. कशाचं सोपं! सकाळपासून नुसती उठतेय अन् चहा टाकतेय.

आधी हॉटेलाचं सांगते, म्हणजे जरा दम घेता येईल. बीडमध्ये नदीच्या बाजूला कापसाच्या जुन्या जिनिंगची गोदामं होती. जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, मागं उरल्या बाभळी अन् डुकरं. मग त्या जागेला कुणीतरी हात लावला. फरशी बसली, दिवे लागले, गोदामांत दुकानं आली आणि एका गोदामात निघालं नुसत्या भाज्यांचं हॉटेल. पुण्याहून परत आलेल्या एका पोरीनं काढलेलं. तिथं पनीर मिळत नाही! बीडात व्हेज हॉटेल काढायचं अन् पनीर ठेवायचं नाही — लोक आधी हसले, मग रांगा लावायला लागले. अंबाडी, तांदुळजा, पाथरी, शेवग्याची फुलं, निखाऱ्यावर भाजलेला दुधी. लहानपणी आम्ही बांधावरून उपटून आणायचो त्या भाज्या तिथं मातीच्या वाडग्यातून येतात. चव मात्र लई भारी, त्यात वाद नाही.

त्या गोदामांच्या मागं एक गल्ली आहे. आमच्या लोकांची. आमच्या म्हणजे — बघा, इथंच अडखळते मी. बौद्धांची. झालं, लिहिलं एकदाचं.

चौसाळ्याजवळच्या खेड्यातून मी डी.एड.ला बीडला आले, तेव्हा त्या गल्लीत राहिले. शेवंताकाकूकडं. नात्याची ना गोत्याची, वडलांच्या ओळखीतली, एवढंच. लेक उमापूरला दिलेली, घरात ती अन् तिचा नवरा. एकच खोली. ती दिवसभर जिनिंगमध्ये राबून यायची, केसांत कापूस तसाच, अन् दारातूनच विचारायची, “जेवलीस का गं सुमे?” खाटेवर मला झोपवायची, स्वतः खाली पोतं टाकून. परीक्षेच्या दिवसांत मी उठायच्या आधी पाणी तापवून ठेवायची. आणि आवाज काय बाईचा! गल्लीच्या ह्या टोकाला ‘जय भीम’ म्हणाली की त्या टोकाची माणसं उत्तर द्यायची. पोस्टमन आमच्यातला नव्हता, पण तोही सायकलवरूनच ओरडायचा, “जय भीम काकू!”

ह्या बाईचं मी काय केलं, ते सांगायचंय. सांगतेच.

शिक्षिका झाले, लग्न झालं, बदली होऊन पुन्हा बीडला आले. घर शोधायला लागले. घर दाखवायच्या आधी लोक आडनाव विचारतात, तुम्हाला काय सांगायचं. आमचं आडनाव असं, की पाटलांतही सापडतं अन् आमच्यातही. घरमालकीण वहिनींनी ते ऐकलं, गोड हसल्या आणि किल्ली दिली. मी खोटं बोलले नाही. गप्प बसले फक्त. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतून लावला. नवरा अंबाजोगाईला नोकरीला, रविवारी यायचा. म्हणाला, “बाहेर लाव की.” मी म्हणाले, “भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत.” ते मात्र चक्क खोटं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई भ्याली बिचारी, घर जाईल म्हणून. हो, भ्याले होते. पण नुसती भीती असती तर मी आज इतकी तोंड लपवत बसले नसते. मला ते आवडायला लागलं होतं हो! वहिनींच्या हळदीकुंकवाला आग्रहानं बसवून घेणं, त्यांच्या स्वयंपाकघरात बिनधास्त शिरणं, ‘आपल्यात असं करतात’ मधल्या त्या ‘आपल्यात’ मी असणं — आवडत होतं मला.

वहिनींचा वाढदिवस होता. त्या, त्यांची जाऊ आणि मी, तिघी त्या हॉटेलात जेवायला गेलो. भर दुपारची वेळ. खिडकीतून मागची गल्ली दिसत होती. वहिनी म्हणाल्या, “आधी इकडं यायचं म्हणजे नाकाला पदर लावावा लागायचा.” मी म्हणाले, “हो ना.” म्हणाले मी असं. जिथं दोन वर्षं जेवले, झोपले, तिकडं बघून.

आणि आतून भाजीचं पातेलं घेऊन शेवंताकाकू आली.

मला काय माहीत, त्या हॉटेलवाल्या पोरीनं गल्लीतल्याच बायका स्वयंपाकाला घेतल्यात म्हणून? हिरवा ॲप्रन, डोक्याला रुमाल, थकलेली. मला बघितलं अन् जागीच थांबली. तोंडभर हसली. तिच्या त्याच आवाजात — अख्ख्या हॉटेलानं ऐकलं असेल — म्हणाली, “जय भीम गं सुमे! काहून इतकी वाळलीस?”

वहिनींचा घास हातातच राहिला होता.

आमच्यात जय भीमला उत्तर जय भीमच असतं. भांडण झालेलं असलं, बोलणं बंद असलं, तरी तेवढं देतात. तान्ह्या लेकराचा हात धरून त्यालासुद्धा शिकवतात.

मी म्हणाले, “नमस्कार.”

नुसतं नमस्कार. पुढं काकूसुद्धा म्हणाले नाही. शब्दात वाईट काय आहे? काहीच नाही. पण तिला त्यातलं सगळं कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं, दोघींकडं बघितलं. जाऊबाईंनी मला विचारलं, “ओळखता का ह्यांना?” — आणि मी खाली बघून भाकरी मोडत राहिले. तिनं मला फार वेळ लटकत ठेवलं नाही.

“न्हाई बाई, माझीच चूक झाली,” ती म्हणाली. “डोळ्याला कमी दिसतंय. आमच्यात एक पोरगी राहायची पहिलं, तिच्यावानी वाटल्या ह्या.” मग मला म्हणाली, “अंबाडी वाढू का, मॅडम?”

वाढ म्हणाले. वाढली तिनं. खाल्ली मी.

एवढंच असतं, तर कदाचित मी एव्हाना सांगूनही टाकलं असतं. पण अजून आहे. ती चार पावलं गेली असेल-नसेल, वहिनी मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “बघा की, तुम्हाला त्यांच्यातलीच समजली!” आणि त्या दोघी हसल्या. आणि मीही हसले. ओठ हलवल्यासारखं नव्हे, चांगलं खळखळून, त्यांच्याहून जरा जास्तच, म्हणजे शंका राहायला नको. काकूची पाठ आमच्याकडं होती. पातेलं तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिला ऐकू गेलं नसेल असं मी मनाला कितीदा समजावलं! पण कमी दिसतंय म्हणाली होती ती. कमी ऐकू येतं असं नव्हती म्हणाली.

लाज वाटते. अंघोळ करताना वाटते, वर्गात पोरांना समतेचा धडा शिकवताना वाटते. तरी मी कुठं गेले तिच्याकडं? गल्ली काय लांब होती?

पुढच्या उन्हाळ्यात ती मला बसस्टँडवर दिसली. उमापूरला, लेकीकडं निघाली होती. मी एकटीच होते. मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “जय भीम, काकू!”

वाटलं, तोंड फिरवेल. चारचौघांत शिव्या घालेल. घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पण तिनं आधी माझ्या मागं बघितलं, मग इकडं, मग तिकडं. माझ्याबरोबर कुणी आहे का, ते बघत होती. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर तिनं माझा हात दाबला आणि ओठांतल्या ओठांत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली,

“जय भीम, पोरी. हळू बोल. कोनी आयकंल.”

गल्ली दणाणून सोडणारी बाई ती.

आणि मी आवाज खाली केला. गाडी लागेपर्यंत आम्ही दोघी तशाच, हळू हळू बोलत उभ्या होतो.