चार वाजताची सावली

वसूआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाची भांडी विसळत होते. झोपेतच गेली, एवढंच तिच्या शेजारणीनं सांगितलं. मी नळ बंद केला, कपबशा पुसून जागेवर लावल्या आणि मग बसले...

रोहन, ईशा, तुमच्या चित्रातल्या घराला ओसरी काढायला लावणारी आजी, एवढीच तुमची तिची ओळख. माझी ही धाकटी नणंद आर्किटेक्ट होती. ऐंशीच्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या आमच्या शहरानं मोठं वाचनालय बांधायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम वसूकडे आलं. इमारत वाळवंटातूनच वर आल्यासारखी दिसावी, असं तिच्या मनात होतं. डोंगरांच्या रंगाच्या जाड भिंती, खोल बसवलेल्या खिडक्या आणि दर्शनी बाजूला तीन मजले उंच काचेचं दालन. संध्याकाळी त्या काचेत लाल डोंगर उमटणार होते. दालनावर तिचा फार जीव होता.

पुठ्ठ्याचं मॉडेल आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर होतं. माझा टेबललॅम्प हा सूर्य आणि तो फिरवायचं काम माझं. "वहिनी, बारा वाजव... आता चार वाजव," असं ती सांगे. मी दिव्याची मान पश्चिमेकडे वाकवी, ती पेन्सिलीनं सावल्या आखून घेई. असेच एकदा चार वाजवलेले असताना मी सहज विचारलं, "बस कुठं थांबते गं?"

तिनं पायऱ्यांपुढे बोट ठेवलं. तिथं लख्ख उजेड होता.

"म्हणजे मी इथं पापडासारखी भाजायची!"

"तुला मी कारनं आणीन की."

"आणि बाकीच्यांना?"

वसूनं पेन्सिल खाली ठेवली. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं, मी बसनंच हिंडायची. ती मात्र गाडीनं फिरू लागल्यापासून, नागपूरच्या उन्हात वाढलेली असूनही, दाराबाहेरचं ऊन विसरली होती. आठवड्याभरात तिनं थेट बसथांब्यापर्यंत जाणारं रुंद छत काढलं.

वाचनालयाच्या समितीनं सभेत सांगितलं, छत किंवा दालन, दोन्ही बजेटमध्ये बसणार नाहीत. छताची गरजच काय, असं एका सभासदाचं म्हणणं. लोक गाडीनं येतात. मी मागच्या रांगेत बसले होते, वसूनं तिकडे हात केला. "माय सिस्टर-इन-लॉ टेक्स द बस." सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी उगाच पदर सारखा केला. मग तिनं मॉडेलवरचं काचेचं दालन स्वतःच्या हातानं उचललं आणि पिशवीत ठेवलं.

परतताना गाडीत ती रडली. "आता कुणी फोटोसुद्धा काढणार नाही, वहिनी."

"नाही काढले तर नाही," मी म्हटलं, "छताखाली उभे तर राहतील."

फोटो खरंच कुणी फारसे काढले नाहीत. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी बसनं तिथं गेले. चार वाजले होते. छताखाली दहाबारा माणसं उभी होती. बाबागाडीवाल्या एका मुलीनं सरकून मला जागा दिली. वसू नेहमी लावायची तसा मी भिंतीला तळवा लावला. गार होती.

माझ्या घरात चमचाही वाकडा ठेवलेला चालत नाही, म्हणून तुम्ही मला हसता. त्या टेबललॅम्पची मान मात्र अजून पश्चिमेकडेच वाकलेली आहे. रोज पुसते... सरळ करत नाही.