पाव्हण्यांसाठी घोटलेली उत्तरं

माझा धाकटा भाऊ तिशीला आला, तरी त्याची समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढीच राहिली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. डॉक्टरला दाखवलं तर गावभर होईल, मग त्याला मुलगी कोण देणार? म्हणून आम्ही त्याला ‘भोळा’ म्हणायचो. भोळा म्हटलं की सगळं झाकलं जायचं.

त्याच्या सोयरिकीचा पुढाकार माझा. मी मेहकरला दिलेली, चार बुकं शिकलेली, त्यामुळे माहेरी माझाच तोरा. पाव्हणे काय काय विचारतील त्याची उत्तरं मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. “शेती मीच पाह्यतो. टॅक्टर मीच चालवतो. मले कोनतंच व्यसन नाही.” चुकला की मी खेकसायची. बरोबर आलं की तो वळून पाठ पुढे करायचा आणि मी ती थोपटायची.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडचे घर पाहायला आले. भाऊ वावरातल्या वावरात ट्रॅक्टर फिरवायचा, रस्त्यावर कधी नाही; पण पाव्हण्यांवर छाप पडावी म्हणून चाबी मीच त्याच्या हातात दिली. म्हटलं, “पाव्हणे ओट्यावर बसले का वावरातून टॅक्टर आन. जोरात आन बरं!” आजवर त्यानं माझं कुठलं सांगणं मोडलं होतं? वळणावर सायकलवरून घरी निघालेला एक माणूस ट्रॅक्टरच्या चाकाखाली येऊन जागीच गेला.

खटला चालला तेव्हाही आम्ही इभ्रतीला चिकटून बसलो. “त्याची समज कमी आहे हे कोर्टापुढे आणू द्या, शिक्षा सौम्य होऊ शकते,” असं वकील सांगून थकले. गुन्हा शाबित झाला. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तसा भाऊ ताठ उभा राहिला आणि घडाघडा म्हणाला, “शेती मीच पाह्यतो. टॅक्टर मीच चालवतो. मले कोनतंच व्यसन नाही.” मग हसून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उभी राहिले. “साहेब, हे मी पाठ करून घेतलंय. त्याला काही कळत नाही हो,” एवढंच कसंबसं बोलले. मग न्यायाधीशांनी त्याची डॉक्टरांकडून तपासणी करवली, आणि वर्षांची शिक्षा महिन्यांवर आली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात त्या माणसाची बायको उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाली, “त्याले समजत नाही म्हनता ना बाई? मंग टॅक्टर कोनं देल्ला त्याच्या हातात?”

वकील ‘चला, चला’ करू लागले. पोलिसाशेजारी उभ्या असलेल्या भावाला मात्र उत्तर येत होतं.

“ताईनं देल्ला,” तो म्हणाला. “ताई म्हने, जोरात आन.”

आणि वळून त्यानं माझ्यासाठी पाठ पुढे केली.