मी क्लाउडवरून नवरा पुसला, त्याची गोष्ट

माझा नवरा दोनदा गेला. पहिल्यांदा हृदयविकाराने, दुसऱ्यांदा माझ्या हातून.

पहिल्या वेळी मी गडबडले नाही. सुहासचे तेराव्याचे विधी उरकले, चौदाव्या दिवशी कपाट रिकामं केलं. शर्ट एका आश्रमाला दिले, चष्मे एका संस्थेला, फोन साफ करून माझ्या भावाला. सासूबाईंचा जुना फोन बंद पडत आला होता, तोही भंगारात काढला. बायका म्हणाल्या, ‘‘केवढी खंबीर गं तू!’’ (पाठीमागे ‘दगड’ म्हणाल्या. आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये पाठीमागचंही वर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं.)

एकच गोष्ट माझ्या तावडीतून वाचली होती, सुहासचा आवाज.

सासूबाईंना मोतीबिंदूमुळे मेसेज वाचता येत नसत. म्हणून सुहास रविवारी मासळीबाजारातून त्यांना बोलून मेसेज पाठवायचा. ‘‘आये, सुंगटा बरी आसत, घेव काय?’’ ‘‘आये, बांगडो ताजो नाय, माघारी येतंय.’’ कोळंबीचे, बांगड्याचे, असे चाळीसेक मेसेज. सासूबाईंचा फोन भंगारात जायच्या आत माझ्या मुलीने, सईने, ते सगळे क्लाउडवर एका फोल्डरमध्ये टाकले. तो फोल्डर एकाच खात्यातून तिच्या कॉम्प्युटरवर, माझ्या फोनवर आणि आजीच्या टॅबवर दिसायचा. रोज दुपारी चहाच्या वेळी सासूबाई टॅब कानाला लावायच्या, आणि चाळीस वेळा बाजार व्हायचा.

मग माझा फोन सारखा कुरकुरायला लागला : जागा संपली, जागा संपली! मी कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं फायली लावते. एका कागदाच्या दोन प्रती दिसल्या की माझा हात शिवशिवतो. क्लाउडवर आहे ना सगळं? मग फोनवर पुन्हा कशाला? एक रविवार बघून मी फोल्डर डिलीट केला. फोनने विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की! तो म्हणाला, महिनाभर कचरापेटीत ठेवतो. मी म्हटलं, आमच्या घरात कचरा महिनाभर ठेवत नाहीत, आणि पेटीही रिकामी केली. फोन कसा हलका झाला!

दुपारी सासूबाईंची हाक आली. ‘‘अगो, झील बोलना नाय.’’ झील म्हणजे त्यांचा मुलगा, सुहास.

मी टॅब पाहिला. फोल्डरच्या जागी काही नव्हतं. सईला फोन लावला.

‘‘सई, तुझा क्लाउड बिघडलाय.’’

‘‘आई, तू काय केलंस?’’ (या मुलीला मी कधी विचारलं नव्हतं की तू काय केलंस. मला माहीतच असायचं.)

सई अंधेरीच्या एका कंपनीत क्लाउडचंच काम करते. अर्ध्या तासात आली, लॅपटॉप उघडला, आणि कचरापेटी दोनदा उघडून बघितली. ती एखादी गोष्ट दोनदा बघते तेव्हा वाट लागलेली असते.

‘‘गेलं, आई. पेटीतूनपण गेलं.’’

‘‘असं कसं? फोनवरचं पुसलं, क्लाउडवरचं राहायला नको?’’

‘‘फोनवर वेगळं नव्हतंच काही! क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले मोठमोठे कॉम्प्युटर. आपण ते इंटरनेटवरून वापरतो. तुझा फोन नुसती खिडकी. तू खिडकीतून हात घालून आतलं फेकलंस.’’

‘‘मग त्यांच्यावर काहीच जबाबदारी नाही?’’

सईने कपाळाला हात लावला. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं, त्यासाठी हॉल बघणं चालू होतं. तेच तिने हाताशी धरलं.

‘‘हे बघ. आपण नुसता हॉल घेतला, तर जागा, वीज, पाणी त्यांचं. शेगड्या, भांडी, आचारी, सगळं आपण न्यायचं. क्लाउडमध्ये त्याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतात. दुसरा प्रकार, शेगड्या-भांडी मांडून तयार, आपण फक्त स्वयंपाक करायचा. तो प्लॅटफॉर्म. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तो बरा पडतो. आणि तिसऱ्यात केटरर सगळं करतो, आपण नुसतं पानावर बसायचं. ते सॉफ्टवेअर. आपला फोल्डर तिसऱ्यातला.’’

‘‘मग झालं तर! सगळं केटररचं!’’

‘‘केटरर वाढेल गं! पण तू भरलेलं पान उचलून कचऱ्यात ओतलंस, तर त्याने काय करायचं? तिन्ही प्रकारांत पानात आहे ते आपलं. ते आपणच सांभाळायचं.’’

तरी मी कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. यंत्राने उत्तर दिलं की त्याला माझं दुःख समजतं. मग विचारलं, पाचपैकी किती तारे द्याल?

सासूबाईंना सांगायची हिंमत झाली नाही. (हो, माझी!) पहिल्या दिवशी म्हटलं, टॅब चार्जिंगला लावलाय. दुसऱ्या दिवशी, सर्व्हर डाउन आहे. तिसऱ्या दिवशी, दुरुस्तीला दिलाय. टॅब तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘माका चाय नको.’’ आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. पाचव्या दिवशीही चहा नको. मग मी पलंगावर बसले आणि फायलीतली नोंद वाचावी तसं सांगून टाकलं : आवाज मी पुसला. चुकून. परत येणार नाही.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘तुका साफसफाईची लय घाय,’’ एवढंच म्हणाल्या.

त्या आठवड्यात आमची मासेवाली, खारदांड्याची हंसाताई, नेहमीप्रमाणे पाटी घेऊन दारात आली. आमच्याकडे मासळीचं कोणीच नाव काढेना, तेव्हा तिने विचारलं, मी सांगितलं.

‘‘भाऊंचे मेसेज?’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडं हायत की! पाटीत काय ठेवू ते सांगायचे ना मला! मला कुठं येतंय पुसायला!’’

कंबरेचा फोन तिने काढला. काच तडकलेली, वास कोळंबीचा, आणि पाच वर्षांत एक अक्षर न पुसलेलं. मी आयुष्यात इतका अव्यवस्थित फोन पाहिला नव्हता. सासूबाई भिंत सोडून उठून बसल्या.

नऊ मेसेज निघाले. आठ नुसते मासळीचे. नवव्यात सुहास म्हणत होता : ‘‘ताई, पेडवे नको. काट्यांचं काहीच नको. बायको जेवते घाईत, काटा अडकतो घशात. मी घरी सांगितलंय, मलाच आवडत नाहीत. तूपण तेच सांग.’’

‘‘पेडव्यांवर जीव होतो तेचो,’’ सासूबाई म्हणाल्या.

चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आमच्या ह्यांना काट्याचा मासा चालत नाही. मी उठले आणि ओटा धुतला. तो सकाळीच धुतला होता. हंसाताई पाटी उचलायची सोडून माझ्याकडे बघत राहिली, म्हणून पुन्हा एकदा धुतला.

सासूबाई संध्याकाळी चहा प्यायल्या. साखर कमी म्हणाल्या.

सईने ते नऊ मेसेज आता तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेत. तिन्हीकडे कोणाला कसले अधिकार, त्याची यादी आहे. सई मालक. आजी ऐकू शकतात. माझ्या नावापुढे तिने स्वतः तपासून लिहिलंय : फक्त ऐकू शकते, काहीही बदलू शकत नाही. चोवीस वर्षांत मी त्या माणसाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. आता तो रोज शेवटपर्यंत बोलतो, आणि मध्ये तोंड घालायची मला परवानगी नाही.