शेरीनं माझं ऐकलं नाही, म्हणून

परवा संध्याकाळी हर्सूलला, आमच्या घरामागच्या रस्त्यावर, मी एका कुत्रीवर चक्क ओरडलो.

माझी नजर पूर्ण गेल्यापासून बायकोचा हात धरल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडलो नव्हतो. ही पोस्टही फोनला बोलून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या एका शाळेत नववीची मुलं अभ्यासाचाच भाग म्हणून अंध माणसांना वाट दाखवायला कुत्री तयार करतात. शेरी त्यांचीच लॅब्रेडोर. पिल्लू होती तेव्हापासून तिला मुस्कान नावाच्या मुलीनं आणि तिच्या वर्गानं शिकवलं. आता ती माझ्याकडे राहायला येणार होती, त्याआधीची ही शेवटची चाचणी.

शेरीच्या पाठीवरच्या पट्ट्याचा दांडा माझ्या हातात, मुस्कान अगदी मागे. तिनं मधे बोलायचं नाही, असं ठरलेलं. रस्ता माझ्या पायाखालचा... शेरी अशी काही चालत होती की मला खूप दिवसांनी हात मोकळे सोडून चालल्यासारखं वाटलं.

आणि अचानक ती थांबली.

"पुढे," मी म्हणालो. ती हलली नाही. पुन्हा म्हणालो, तर वळून माझ्या पायांना आडवी उभी राहिली. मला वाटलं, झालं... हिला काही जमायचं नाही. मी आवाज चढवला, गुडघ्यानं तिला ढकललंही. ती जास्तच रेटून उभी राहिली.

"सर, रुकिए!" मुस्काननं माझा दंड धरला. "आगे गड्ढा है... पाइपलाइनसाठी खोदलंय, लई खोल. सकाळी नव्हतं हो हे!"

मी दुसऱ्या हातातल्या काठीनं चाचपलं. पुढच्याच पावलाला जमीन नव्हती.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मी इतका ओरडलो, तरी हिनं ऐकलं कसं नाही?"

"ऐकायला तर ती लवकर शिकली, सर," मुस्कान म्हणाली. "पण धोका असला तर मालकाचं *नाय* ऐकायचं, हे शिकवायला आमचं अख्खं वर्ष गेलं. आम्ही मुद्दाम चुकीचं सांगायचो. मी रागवायचे, ओरडायचे तिच्यावर. आणि तिनं ऐकलं नाय की सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा."

मी तिथंच खाली बसलो. शेरीच्या गळ्यात हात टाकला, तर तिचं काळीज माझ्यासारखंच धडधडत होतं. म्हणजे घाबरली तीही होती... तरी हटली नाही.

काल शेरी कायमची माझ्याकडे राहायला आली. आज सकाळी मी आणि शेरी, दोघंच दूध आणायला गेलो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी एका मुक्या जीवाला माझ्या भल्यासाठी मलाच 'नाही' म्हणायची हिंमत दिली. मुस्कान बेटा, तुझं आणि तुझ्या वर्गाचं हे देणं मी रोज घराबाहेर पडून फेडीन.