गुडघे चाचपणारी ठकुबाई

आमच्या आणि ठकुबाईच्या घराच्या मधे एकच कूड होता, कारवीचा, शेणानं लिंपलेला. त्यातून चुलीचा धूर यायचा, फोडणीचा वास यायचा, आणि ठकुबाईचा आवाज तर काही न गाळता यायचा. मी पासलीत नांदायला आले तेव्हा बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. पहिल्याच पावसाळ्यात त्या कुडातून भांडण ऐकलं. ठकुबाई सुनेला, साळूबाईला, बोलत होती.

"दूध एका पोरापुरतं आन खाणारी तोंडं दोन. चांगल्याच्या तोंडचं काढून ह्या गोळ्याला पाजतीस. दिवाळीपातूर बसला न्हाई तर उत्रोलीला धाड तुझ्या भावाकडं. त्येला पोर न्हाई, त्यो घील."

साळूबाई म्हणाली, "आत्याबाई, दोघं एका दिशी जल्मलीत. एकाच घरात वाढतील."

"जल्मलीत एका दिशी. पर एक बसतंय आन एक पडून हाय. डोळं हायत का तुला?"

पोरं जुळी होती. थोरला गेनू, धाकटा सोपान. थोरला म्हणजे काय, चूल पेटून पाणी तापेल तेवढ्या वेळानं थोरला. गेनू आषाढात बसायला लागला, नागपंचमीला रांगत उंबऱ्यावर आला. सोपान आपला उताणा पडून आढ्याकडं बघून हसायचा. ठकुबाईला त्याच्या हसण्याचाही राग. म्हणायची, एवढं पडून ऱ्हायचं आन वर हसायचं, लाज न्हाई.

ठकुबाईनं स्वतः एकच पोर वाढवलं होतं, जगन. आणि तो जगन असा वाढला होता की आईसमोर तोंड उघडायचा ते फक्त भाकरी खायला. पण पोरांचं सगळं मलाच कळतं, असा तिचा तोरा. तिनं निदान केलं, सोपान थंड अंगाचा आहे. थंड अंगाचं पोर भुईला टेकवलं की आणखी थंड पडतं. म्हणून त्याला जुन्या लुगड्याच्या झोळीत, पाय जुळवून, घट्ट गुंडाळून आढ्याला टांगायचं. गेनू सगळं घर झाडून काढायचा गुडघ्यांनी, आणि सोपान वर लोंबायचा, शिंक्यातल्या लोण्यासारखा. सकाळी एकदा खाली काढायची, करंजाचं तेल चोळायची, गुडघे चाचपायची, गेनूच्या गुडघ्यांशी ताडून बघायची, आणि मान हलवून परत वर. दिवसभर लोंबून पोर बसायला शिकलं नाही याचं तिला रोज नव्यानं नवल वाटायचं.

साळूबाईनं जगनच्या पाठी लागून एकदा पोराला भोरला नेलं. ठकुबाई बरोबर गेलीच. घाटवाटेनं चालत, मग येष्टी, मग दवाखान्यातल्या बाकावर बसणं. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितले आणि म्हणाले, पायात खोट नाही, भुईवर मोकळा सोडा, वेळ द्या. ठकुबाई बाहेर येऊन म्हणाली, "वेळ तर आपल्या घरी फुकट हुता. त्येच्यासाठी येष्टीत हाडं खिळखिळी केली व्हय?" तिनं फक्त वेळेचं ऐकलं. साळूबाईनं भुईचं ऐकलं.

पण ऐकून करते काय? खाली ठेवलं की म्हातारी उचलायची. मग गौरी-गणपती झाले, नाचणी कणसाला आली आणि ठकुबाई राखणीला माळावर जायला लागली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन बघते तर झोळी नाही. साळूबाईनं सांगितलं, शेळीनं खाल्ली. मी ते लुगडं परसात बघितलं होतं. शेळी खाते तेव्हा चिंध्या करते, अशी सरळ रेघेत कापत नाही. तसं विळ्यानं कापलं जातं. मी काही बोलले नाही, शेळीची अब्रू गेली तर गेली.

दुसरी झोळी बांधायची तर ठकुबाईला आपल्या अंगावरच्या दोनातलं एक लुगडं द्यावं लागलं असतं. तेवढी माया तिच्याकडं नव्हती. साळूबाई रोज घोंगडं अंथरून दोघांना त्यावर सोडायची. सोपान आधी नुसता पडून राहिला. मग गेनू त्याच्या अंगावरून रांगत जायचा, त्याचा पाय ओढायचा, त्याच्या हातातलं लाटणं पळवायचा. लाटण्यासाठी सोपान पहिल्यांदा पालथा झाला. साळूबाई मला हळूच हाक मारून दाखवायची, आणि म्हातारीची चाहूल लागली की त्याला उताणा करून ठेवायची. नजर लागेल म्हणून नव्हे. तिचं उचलणं आणि तेलपाणी पुन्हा सुरू होईल म्हणून.

दिवाळीला साळूबाईचा भाऊ सावळाराम उत्रोलीहून आला. ठकुबाईनं पोराची दुपटी गाठोड्यात बांधून ओटीवर ठेवलेली. तिनं एकदा बोलल्यावर मागं घ्यायची रीत नव्हती. सावळारामनं पागोटं काढून भुईवर ठेवलं आणि पाणी मागितलं. सोपान घोंगड्यावर बसला होता. होय, बसला होता. तिथून पोटावर सरकत आला आणि पागोट्याचं टोक धरून ओढायला लागला. पागोटं उलगडत गेलं.

सावळाराम म्हणाला, "न बसणारा त्यो ह्योच का?"

ठकुबाईनं गाठोडं सोडलं, दुपटी झटकली. "करंजाचं तेल हाय माजं," ती म्हणाली. "सा म्हयने चोळलंय. आता कशाला धाडती म्या पोराला?"

साळूबाई आत चुलीकडं गेली. कुडातून मला लई वेळ फुंकणीचा आवाज येत होता. चूल तर केव्हाच पेटली होती.

त्या दिवसापासून ठकुबाई गावाची झाली. कुणाकडं पोर झालं की ही तेलाची वाटी घेऊन हजर. न बोलावता जायची, गुडघे चाचपायची, शेजारच्या पोराचं नाव काढायची, आणि त्या आईची रात्रीची झोप उडेल एवढं बोलून उठायची. सोपानचं उदाहरण प्रत्येक ठिकाणी, आणि त्यात साळूबाईचं नाव कधी नाही. पोरं आपापल्या वेळेला चालायची. श्रेय तेलाला.

पुढं बऱ्याच वर्षांनी ती वारली, त्याच्या आदल्या दिवशी मी जळण घेऊन वरच्या वाडीकडून उतरत होते. तिथं एक पोर पंधरवड्याचं होतं, त्याला ती बघून आली होती. पुढं ठकुबाई, पदराखाली वाटी धरलेली, आणि मागं सोपान, तिला आणायला गेलेला. बाप्याएवढा उंच झालेला, पण तिच्या चालीनं पाय टाकत होता.

"उशिरा चालंल त्ये," ती सांगत होती. "गुडघं ढिलं हायत. आन तू आवर की. जल्मापासनं मागंच."

"व्हय आजी," सोपान म्हणाला आणि मागंच राहिला.

घरी पोचल्यावर कुडाच्या फटीतून दिसलं, ऐकू आलं. उरलेलं तेल तिनं आपल्याच गुडघ्यांना चोळलं, वाटी खुंटीखाली पालथी ठेवली, आणि साळूबाईला म्हणाली, च्या टाक, आन साखर बघून घाल.