बारा जणींचा कोरस

रिसोडले मोंढ्याच्या रस्त्यावर, खताच्या दुकानावरच्या खोलीत प्रसेनजितचा ‘धम्मस्वर’ स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतीले अंड्याचे ट्रे अन् सोयाबीनचा बारदाना ठोकेल. त्या खोलीतून निंघालेल्या गाण्यायनं दहा वर्षं सारा वाशीम जिल्हा नाचवला. जयंती असो का लग्न, डीजेवाला पहिले ‘धम्मस्वर’चं गाणं लावे. हिंगोली-अकोल्याचे गायक येष्टीनं येऊन पायरीवर नंबर लावून बसत.

ते सारे येत कोरससाठी. बारा बायका एका सुरात गातात असं वाटे. खरं तं ती एकटी सपना होती, प्रसेनजितची बायको. दुपारी गावातल्या बायका वावरात, कोरसले कोण येईन? म्हणून तीच बारा वेळा गाये. एकदा माइकजवळ, एकदा दारापाशी, एकदा तोंडावर पदर घेऊन, एकदा नाक दाबून. मंग प्रसेनजित ते आवाज एकावर एक बसवे.

एका गायकानं इचारलं, “दादा, ह्या कोरसातल्या पोरी कुठल्या? भावासाठी सोयरीक पाहून राह्यलो.”

“एकच हाय, अन् ते माही बायको हाय,” प्रसेनजित म्हणाला. “बाराच्या बारा.”

बावीस सालच्या पावसाळ्यात सपनाले डेंगू झाला. पाचव्या दिवशी गेली. गाणी वाजतच राह्यली.

तिची माय नानीबाई कामरगावले एकटी राह्यते. चौदा एप्रिलले मिरवणूक तिच्या दारावरून जाते. पुढच्या जयंतीले सपनाचा कोरस वाजवत डीजे जवळ आला तशी म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. शेजारीण म्हणाली, “कोन येऊन राह्यलं वं, नानीबाई?”

“सपना येऊन राह्यली माहेराले.”

जयंतीसाठी आलेला प्रसेनजित बाजूले बसून होता.

त्यानंतर आसेगावचा संघदीप त्याच्याकडे आला. गावात नवीन विहार झाला होता, त्याचं गाणं करायचं होतं. “दादा, कोरस वैनीचाच पायजे.”

“कुठून आनू तिले?”

“कंप्युटरात हायेच ना.”

चार दिवस प्रसेनजित नाही म्हणाला. पाचव्या दिवशी बसला. तिच्यासंगं काम करायची सवय मोडेल नव्हती त्याची. जुन्या गाण्यातून अक्षरं कापली. ‘आ’ एका आलापातला, ‘से’ दुसरीकडचा, ‘गाव’ तं पाहिजे तेवढे. आठ दिवसांनी सपना बारा आवाजात म्हणू लागली, “आसेगावची लेक मी.” जोड कुठंच कळत नव्हता. काम साधलं म्हणून तो खुशच झाला. तिचं माहेर कामरगाव, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

गाणं जोरात चाललं. पुढच्या सालच्या जयंतीले कामरगावात डीजेनं तेच लावलं. ओट्यावर नानीबाईनं बाजूच्या प्रसेनजितकडं मान वळवली.

“हे कोन म्हनून राह्यलं?”

“सपनाच, मामी.”

“माही पोरगी आसेगावची कवा झाली?”

म्हातारीनं त्याच्याकडं बोट केलं.

“तुमी घातलं तिच्या तोंडात?”

“हो.”

“मंग काढा, जवाईबुवा. तसंच कापून कामरगाव बसवा.”

तो रिसोडले आला. ‘का’ सापडला, ‘म’ सापडला, ‘र’ सापडला. सारं ओळीनं लावलं. ऐकायची मात्र छाती झाली नाही. हेही तिनं कधी म्हटलेलं नव्हतंच. त्यानं ते पुसलं, कंप्युटर बंद केला अन् सकाळी खोलीची चाबी खताच्या दुकानवाल्याच्या हाती देल्ली. लोक म्हणाले, आता पोरं मोबाइलवरच गाणी करतात, म्हणून धंदा बसला. प्रसेनजितनं कोणाले खोडून काढलं नाही.

म्हातारीले त्यानं फोन लावला. “मामी, होत नाही.”

“होत नाही का करत नाही?”

“करत नाही.”

तिनं फोन ठेवून देल्ला.

यंदाच्या जयंतीले नानीबाई ओट्यावर बसली नाही. काठी घेऊन मिरवणुकीत उतरली अन् डीजेच्या गाडीसंगं चालू लागली. वरून “आसेगावची लेक मी” आलं का म्हातारी गळ्याच्या शिरा ताणून ओरडे, “कामरगावची! कामरगावची!” प्रसेनजित गर्दीतून गाडीपाशी गेला, बंद करा म्हणाला. त्याचं कोणाले ऐकू गेलं नाही. पोरांले वाटलं, आजीले गाणं लई आवडलं. त्यायनं आवाज वाढवला अन् गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.