कोचच्या रेझ्युमेतली दोन वर्षं

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये माझ्या मुलीच्या फुटबॉल टीमचा कोच इंग्लंडचा होता. बारा वर्षं तो तिकडे व्यावसायिक फुटबॉल खेळला, कायम बचावफळीत आणि बहुतेक खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत. मी कोल्हापूरचा. पेठेच्या टीममध्ये मीही बॅक खेळलोय, त्यामुळे आमचं पहिल्याच शनिवारी जमलं. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात आणि बॅकला फक्त चुकल्यावर शिव्या घालतात, यावर दोन्ही देशांचं एकमत निघालं.

मग आमच्या मुलींच्या टीमचा क्लब बंद होणार असं कळलं. क्लब गेला की त्याचा व्हिसाही गेला. त्याची आठ वर्षांची मुलगी इथेच, घटस्फोट झालेल्या बायकोकडे राहायची आणि कधीकधी मैदानावर आमच्या मुलींबरोबर खेळायला यायची. जवळच्या एका कॉलेजात कोचची जागा निघाली होती. ती मिळाली तर मुलगी दर रविवारी भेटणार, नाहीतर परत इंग्लंड.

"तुम्ही इंजिनिअर लोक रेझ्युमे छान लिहिता म्हणे," तो म्हणाला.

मी फुशारलो. आमच्यात हा घरगुती उद्योगच आहे. भारतातून नव्याने आलेल्या पोराचा रेझ्युमे आधी कुणातरी काकांकडे जातो आणि काका पहिल्यांदा गॅप शोधतात. सापडला की त्याआधीची नोकरी थोडी ताणायची आणि भोक बुजवायचं. मीही तसाच नोकरीला लागलो होतो.

कोचच्या कारकिर्दीत दोन वर्षांचा गॅप होता. गुडघा गेला होता, दोन ऑपरेशनं झाली होती, क्लबने करार संपवला होता. आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत त्याने हे सगळं मला सांगितलं. मी उंटावरचा शहाणा! त्याला न विचारता आधीचा क्लब सोडल्याची तारीख दोन वर्षं पुढे ढकलली. "एकदा वाचून घे," म्हटलं, तर म्हणाला, "तू लिहिलंयस ना, मग झालं."

फुटबॉलपटू कुठल्या सामन्यात किती मिनिटं खेळला हे इंटरनेटवर कुणालाही दिसतं. मला ते माहीत होतं. त्याचे सामने मी स्वतःच शोधून काढले होते. पण हात सवयीने चालला.

मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न त्या दोन वर्षांचा विचारला. जागा गेली. पुढच्या प्रॅक्टिसनंतर पार्किंगमध्ये त्याने मला शांतपणे सांगितलं.

"अरे यार, मी लिहिलं म्हणून सांगायचंस ना!"

"सही माझी होती," तो म्हणाला. चेंडूंची पिशवी गाडीत टाकत म्हणाला, "खेळता येत नव्हतं तेव्हाच मी शिकवायला लागलो. त्या दोन वर्षांबद्दलच मला बोलायचं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजला खरं काय ते कळवायचं ठरवून मी ईमेल लिहिली. बायकोने वाचली. "आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे, आणि तू खोटं लिहिल्याचं लेखी देतोयस," एवढंच ती म्हणाली. मी ईमेल पाठवली नाही. दोष तिच्यावर ढकलणार नाही. मला तेवढंच निमित्त हवं होतं.

जुलैत तो इंग्लंडला परत गेला. मागच्या रविवारी त्याची मुलगी आईबरोबर दुकानात दिसली. माझ्या मुलीने तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मी सामानाची ढकलगाडी वळवून पलीकडच्या रांगेत शिरलो.